पक्ष्यांच्या दाण्यांपासून माशांचे आमिष : शेततळ्यातील मत्स्यपालकांसाठी एक घरगुती कृती

शेतातील पीक डोळ्यांना दिसते. ते पिवळे पडले, त्यावर कीड पडली अथवा त्याची वाढ खुंटली, तर बांधावरून जाणाऱ्यालाही ते कळते. गोठ्यातील जनावर अशक्त झाल्यास त्याच्या बरगड्या दिसू लागतात. शेततळ्यातील माशांची गोष्ट मात्र निराळी आहे. श्रावण-भाद्रपदात सोडलेली बोटुकली एकदा पाण्याखाली गेली, की तिची वाढ किती झाली हे काढणीच्या दिवसापर्यंत पुष्कळ शेतकऱ्यांना समजत नाही. तळ्यात रोज खाद्य पडत असते. परंतु ते माशांच्या पोटात किती जाते आणि तळाशी कुजत किती राहते, याचा हिशोब अंदाजावर चालतो.

हा अंदाज चुकल्यास काय होते, ते एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. समजा, ३० मीटर लांब व ३० मीटर रुंद अशा शेततळ्यात एका शेतकऱ्याने ६०० बोटुकली सोडली व तीपैकी ५०० जगली. पौष महिन्यात एकेक मासा सरासरी ४०० ग्रॅमचा झाला असेल असे त्याने मनाशी धरले. म्हणजे तळ्यातील माशांचे एकूण वजन २०० किलो झाले. वजनाच्या शेकडा २ या प्रमाणाने तो रोज ४ किलो खाद्य घालू लागला. प्रत्यक्षात मासे सरासरी २५० ग्रॅमचेच होते. एकूण वजन १२५ किलो व त्याला लागणारे खाद्य अडीच किलो. रोजचे दीड किलो खाद्य वाया गेले. महिन्याचे ४५ किलो झाले. नुकसान एवढ्यावरच थांबत नाही. न खाल्लेले खाद्य तळाशी कुजते आणि कुजताना पाण्यातील प्राणवायू शोषून घेते. ढगाळ हवामानात, विशेषतः पहाटेच्या सुमारास, मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडझाप करू लागतात. एखाद्या सकाळी सर्व मासे पाण्यावर उताणे तरंगताना दिसतात आणि वर्षाची मेहनत एका रात्रीत जाते.

म्हणून महिन्यातून एकदा तरी काही मासे बाहेर काढून त्यांचे वजन पाहणे अगत्याचे आहे. मातीच्या उथळ तळ्यात हे काम ओढजाळ्याने किंवा पाग टाकून सहज होते. परंतु महाराष्ट्रात २०१६ मध्ये 'मागेल त्याला शेततळे' ही योजना सुरू झाल्यानंतर शेततळ्यांची संख्या पुष्कळ वाढली असून त्यांपैकी अनेकांना प्लॅस्टिकचे अस्तर घातलेले असते. अशा तळ्यात जाळे ओढताना अस्तर फाटण्याची भीती असते, आणि निसरड्या उतारावरून खोल पाण्यात उतरणे जिवावर बेतणारे असते. पाग टाकण्याची कला सर्वांना अवगत नसते. अशा ठिकाणी एक साधी काठी, तंगूस, लहान गळ आणि घरी केलेले आमिष एवढ्या साहित्याने हे काम बांधावर बसून करता येते. या आमिषासाठी लागणारे बहुतेक जिन्नस पक्ष्यांना घालण्याच्या दाण्यांतूनच मिळतात.

माशाची खाण्याची रीत

आमिष चांगले होण्यासाठी मासा कसा खातो हे प्रथम समजून घ्यावे. शेततळ्यात सामान्यतः कटला, रोहू, मृगळ आणि सायप्रिनस हे मासे पाळले जातात. हे सर्व कार्प कुळातील होत. १९५७ मध्ये डॉ. हिरालाल चौधुरी यांनी संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन भारतीय कार्प माशांचे प्रजनन यशस्वी केले. त्यामुळे या जातींचे बीज नदीतून गोळा करण्याऐवजी बीजोत्पादन केंद्रात तयार करणे शक्य झाले. सायप्रिनसची आज सर्वत्र आढळणारी जातही १९५७ मध्येच बँकॉकहून भारतात आणण्यात आली.

या माशांच्या जबड्यात दात नसतात. दात असतात ते घशात. मासा खाद्य तोंडात ओढून घेतो, नको असलेला भाग बाहेर टाकतो आणि उरलेले घशातील दातांनी भरडतो. आपल्याप्रमाणे अन्न साठवून ठेवणारे जठरही या कुळातील माशांना नसते. म्हणून त्यांना एकाच वेळी पुष्कळ खाद्य उपयोगी पडत नाही. ते थोडे थोडे, परंतु वारंवार खातात.

कटल्याचे तोंड वरच्या बाजूस वळलेले असते. तो पृष्ठभागाजवळचे सूक्ष्म जीव गाळून खातो. त्यामुळे दाण्याच्या आमिषास तो क्वचितच लागतो. रोहू मधल्या थरात चरतो. मृगळ व सायप्रिनस तळाशी चरतात. सायप्रिनसच्या तोंडाजवळ मिशांच्या दोन जोड्या असून त्यांच्या साह्याने तो गढूळ पाण्यातही चव घेत खाद्य शोधतो. पाण्यात विरघळणारा खाद्याचा अंश माशाला दुरून कळतो आणि त्याच्या मागाने तो खाद्यापर्यंत येतो. सारांश, आमिष डोळ्यांना कसे दिसते यापेक्षा त्यातून पाण्यात काय उतरते, याला महत्त्व अधिक आहे.

जुनी विद्या

आमिषाची ही विद्या दख्खनला नवीन नाही. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात गळाने मासे धरण्याच्या विनोदावर स्वतंत्र प्रकरण असून कोणत्या माशास कोणते खाद्य रुचते याचा विचार केलेला आहे. इंग्लंडमध्ये आयझॅक वॉल्टन यांचा मासेमारीवरील ग्रंथ १६५३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही कार्प माशासाठी मध घालून पिठाचे आमिष करण्याची रीत सांगितली आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधील हौशी गळकऱ्यांनी या पिठात अंडी मिसळून त्याच्या गोळ्या उकळत्या पाण्यात शिजविण्यास प्रारंभ केला. पुढे त्यांच्या असे ध्यानी आले, की पिंजऱ्यातील पक्ष्यांसाठी दुकानात मिळणारे दाण्यांचे व भरड्याचे मिश्रण या कामी फार उपयुक्त आहे. निव्वळ बारीक पिठाची गोळी घट्ट बसते. तिच्यात पाणी शिरत नाही आणि तिची चव बाहेर पडत नाही. दाणे व भरडा घातलेली गोळी आतून मोकळी व सच्छिद्र राहते. पाणी तिच्यात ये-जा करते, गोडवा व तेलाचा अंश सतत बाहेर झिरपतो आणि बारीक कण सुटून गोळीभोवती पसरतात. मासा ते कण टिपत टिपत गोळीपर्यंत पोहोचतो. पक्ष्यांच्या दाण्यांचा खरा गुण तो हाच.

इंग्लंडमध्ये हे दाणे विकत घ्यावे लागतात. आपल्याकडील पुष्कळसे दाणे मात्र शेतातच पिकतात. खुरासणीचेच उदाहरण घ्यावे. हिलाच कारळे असेही म्हणतात. डोंगराळ व हलक्या जमिनीत होणारे हे तेलबी भारतातून परदेशी जाते ते मुख्यतः पक्ष्यांचे खाद्य म्हणून. अमेरिकेत तर ही खुरासणी ठराविक तापमानाला तापविल्याशिवाय उतरवून घेत नाहीत. कारण तिच्यात अमरवेलीसारख्या तणाचे बी असल्यास ते तेथे रुजू नये. ज्या दाण्यासाठी परदेशातील लोक दाम मोजतात, तो आपल्या शेतकऱ्याच्या घरी मूठभर सहज सापडतो.

कोणते दाणे घ्यावेत

बाजरी : आमिषाचा मुख्य आधार. तिचा भरडा रवाळ असतो व माशाला तो आवडतो. बाजरीचे पीठ लवकर कडू होते. म्हणून ते नेहमी ताजे दळलेले असावे.

मका : भरडलेला मका गोड असतो व गोळीस वजन देतो. शिजविलेला अख्खा मकाही गळास लावता येतो.

राळा व वरी : हे बारीक दाणे गोळी मोकळी ठेवतात. शिजविलेला राळा चाऱ्यासाठी पाण्यात टाकण्यास उत्तम. दाणा लहान असल्याने मासा पुष्कळ वेळ टिपत राहतो व त्याचे पोट मात्र लवकर भरत नाही.

खुरासणी : हिच्यात तिसऱ्या हिश्शाहून अधिक तेल असते. थोडी भाजून कुटल्यास तिला खमंग वास सुटतो. प्रमाण बेताचे ठेवावे. फार तेलकट गोळी धड बांधली जात नाही.

करडई व सूर्यफूल : यांची टरफले कठीण असतात. अख्खे दाणे वापरू नयेत. ते कुटून व चाळून घ्यावेत किंवा त्यांची पेंड वापरावी.

तांदळाची कणी व ज्वारी : घरात जे उपलब्ध असेल ते राळ्याऐवजी वापरण्यास हरकत नाही.

यांच्या जोडीला भुईमुगाची पेंड अवश्य घ्यावी. तळ्यातील माशांना रोज तांदळाचा कोंडा व भुईमुगाची पेंड समभाग मिसळून घालण्याची पद्धत आहे. ज्या चवीची माशाला सवय असते, त्या चवीचे आमिष तो निःशंकपणे घेतो. इंग्लंडमध्ये भांगेचे बीही वापरतात. परंतु आपल्याकडे त्याची काहीही आवश्यकता नाही.

कोणते दाणे वर्ज्य समजावेत

पेरणीसाठी आणलेले व औषध चोळलेले बियाणे कोणत्याही परिस्थितीत आमिषासाठी किंवा खाद्यासाठी वापरू नये. असे बियाणे ओळखता यावे म्हणून त्याला बहुधा लाल, गुलाबी, निळा किंवा हिरवा रंग दिलेला असतो. ते धुतल्याने निर्धोक होत नाही. पेरून उरलेले अर्धे पोते पाहून मोह होतो. परंतु त्यावरील औषध माशांना, पक्ष्यांना आणि तो मासा खाणाऱ्या माणसांनाही अपायकारक असते.

बुरशी आलेला मका व बुरसटलेली पेंड टाकून द्यावी. हिरवट किंवा काळपट बुरशीमध्ये अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. ते शिजवूनही नाहीसे होत नाही. 'माणसाच्या उपयोगाचे नाही, तर माशाला घालू' हा विचार येथे घातक ठरतो.

कोंबड्यांचे तयार खाद्य घरी असल्यास ते थोडे मिसळता येते. मात्र पिल्लांच्या काही खाद्यांत रोगप्रतिबंधक औषधे मिसळलेली असतात. पिशवीवरील मजकूर वाचून असे खाद्य वगळावे.

दाणे भिजविणे व शिजविणे

कोरडा दाणा पाण्यात टाकू नये. न शिजलेला दाणा माशाला नीट पचत नाही आणि पोटात गेल्यावर तो फुगून अपाय होण्याचा संभव असतो. शिवाय कोरडा कठीण दाणा मासा बहुधा थुंकून टाकतो व तो तळाशी कुजतो.

बाजरी, राळा व वरी एक रात्र भिजत ठेवावी. मका पूर्ण एक दिवस भिजवावा. भिजताना दाणा दुप्पट फुगतो. म्हणून भांडे मोठे घ्यावे व पाणी दाण्यांच्या वर चार बोटे ठेवावे. नंतर त्याच पाण्यात दाणे शिजवावेत. बारीक दाण्यांना वीस मिनिटे ते अर्धा तास आणि मक्याला अर्धा ते पाऊण तास लागतो. दाणा बोटांनी दाबल्यास चिरडला गेला पाहिजे. परंतु त्याची पेज होता कामा नये. शिजविलेले पाणी फेकून देऊ नये. दाण्याची सारी गोडी त्यात उतरलेली असते. पीठ मळताना तेच पाणी वापरावे.

शिजलेले दाणे त्याच दिवशी संपवावेत. दुसऱ्या दिवशी ते आंबू लागतात व त्यानंतर सडतात. सडलेले दाणे तळ्यात टाकणे म्हणजे पाणी बिघडविण्यास आपणच आरंभ करणे होय.

मऊ आमिषाची कृती

पुढील प्रमाण अर्धा किलो कोरड्या मिश्रणाचे आहे. एका तळ्याच्या दोन-तीन दिवसांच्या मोजणीस ते पुरते.

बाजरीचा ताजा भरडा १२५ ग्रॅम
मक्याचा भरडा १०० ग्रॅम
भुईमुगाची पेंड, कुटून चाळलेली १०० ग्रॅम
गव्हाची कणीक १०० ग्रॅम
खुरासणी, भाजून कुटलेली ५० ग्रॅम
राळा किंवा वरी, भाजलेली २५ ग्रॅम
गूळ, लहान लिंबाएवढा

कणकेचे प्रयोजन ध्यानात घ्यावे. बाजरीच्या व मक्याच्या पिठाला गव्हासारखा ताण नसतो. पोळी लाटता येते आणि भाकरी थापावी लागते, याचे कारण हेच. कणीक न घातल्यास गोळा पाण्यात पडताच विरून जातो. अधिक घातल्यास तो रबरासारखा चिवट होतो व त्यातून काहीच झिरपत नाही.

सर्व कोरडे जिन्नस परातीत एकत्र करावेत. दाणे शिजविलेले गरम पाणी घेऊन त्यात गूळ विरघळवावा. हे पाणी थोडे थोडे घालून पीठ भाकरीच्या पिठापेक्षा किंचित घट्ट मळावे. ओल्या फडक्याखाली अर्धा तास झाकून ठेवावे म्हणजे भरडा पाणी पितो व गोळा एकजीव होतो. नंतर बोराएवढ्या गोळ्या कराव्यात.

गोळी उतरली की नाही, याची परीक्षा तळ्यावर जाण्यापूर्वी घरीच करावी. पाण्याने भरलेल्या काचेच्या पेल्यात एक गोळी सोडावी. ती लगेच फुटल्यास मूठभर कणीक आणखी मिसळावी. अर्ध्या तासानंतरही तिच्यातून एकही कण सुटला नाही, तर भरडा वाढवावा. पंधरा-वीस मिनिटे आकार टिकून भोवती बारीक कणांचा सडा पडला, तर आमिष उत्तम साधले असे समजावे.

उकडलेल्या गोळ्यांची कृती

तळ्यात लहान मासे पुष्कळ असल्यास ते मऊ आमिष कुरतडून संपवितात व मोठा मासा गळापर्यंत येत नाही. अशा वेळी गोळी कठीण करावी लागते. वरीलच मिश्रण घ्यावे, परंतु पाण्याऐवजी चार ते पाच अंडी फोडून त्यात गूळ कालवावा व त्यात पीठ मळावे. अंडी लहान असल्यास एखादे अधिक लागेल. सुपारीएवढ्या गोळ्या करून त्या थोड्या थोड्या उकळत्या पाण्यात सोडाव्यात. दोन ते तीन मिनिटांत काढून कापडावर सावलीत पसराव्यात. अंड्याचा बलक व पांढरा भाग शिजून गोळीवर पातळ कवच धरतो; आतील भरडा मात्र मोकळाच राहतो. अधिक वेळ उकळल्यास चव पाण्यात उतरून जाते. एक दिवस वाळल्यानंतर या गोळ्या वापराव्यात. ओलसर गोळ्या डब्यात बंद केल्यास त्यांना बुरशी येते. म्हणून त्या सुती पिशवीत टांगून ठेवाव्यात व थोड्याच दिवसांत संपवाव्यात.

कठीण गोळी गळात खुपसता येत नाही. सुईने तिच्यातून दोरा ओवून ती गळाच्या बाकाजवळ अर्धा बोट अंतरावर लोंबती बांधावी. मासा गोळी तोंडात ओढतो तेव्हा मोकळा गळ तिच्यासोबत आत जातो व बाहेर टाकताना ओठात रुततो. घशात गळ न अडकल्याने मासा इजेवाचून सोडता येतो.

गळ टाकण्याची पद्धत

गळाचे तोंड करंगळीच्या नखाएवढे असावे. त्याच्या टोकामागील उलटा दात पकडीने दाबून सपाट करावा. त्यामुळे मासा सोडविणे सुलभ होते आणि गळ चुकून अस्तरास लागला तरी तो निघून येतो. अस्तर असलेल्या तळ्यात गळ तळाला टेकू देऊ नये. ज्वारीच्या ताटाचा किंवा मोरपिसाच्या देठाचा तुकडा तरंगता बांधून आमिष तळापासून वीतभर वर राहील असे अंतर ठरवावे.

ज्या कोपऱ्यात रोज खाद्य घातले जाते तोच कोपरा निवडावा. मोजणीच्या दिवशी सकाळचे खाद्य बंद ठेवावे. गळ टाकण्यापूर्वी अर्धा तास शिजविलेल्या दाण्यांच्या दोन-तीन मुठी तेथे टाकाव्यात. याहून अधिक टाकू नयेत. मासे गोळा करणे हा हेतू आहे, त्यांचे पोट भरणे हा नव्हे. सकाळी उन्हे वर येईपर्यंत व सायंकाळी उन्हे कलल्यानंतर मासे चांगले खातात. माशाच्या शरीराचे तापमान पाण्याप्रमाणे बदलते. म्हणून कडाक्याच्या थंडीत त्याची भूक मंदावते. अशा दिवसांत उन्हे तापल्यावर प्रयत्न करावा व आमिषातील खुरासणी निम्मी करावी. कारण थंड पाण्यात तेल पसरत नाही.

मासे पहाटे वर येऊन तोंडे उघडझाप करीत असतील, तर त्या दिवशी गळ टाकू नये व खाद्यही घालू नये. ते भुकेचे नव्हे, प्राणवायूच्या टंचाईचे लक्षण आहे. ताजे पाणी सोडणे किंवा पंपाने तळ्याचेच पाणी उंचावरून तळ्यात पाडणे हा त्यावर तातडीचा उपाय होय.

वजन व हिशोब

बादलीत पाणी घेऊन तिचे वजन करावे. धरलेला मासा ओल्या हातांनी गळातून सोडवून बादलीत ठेवावा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरील बुळबुळीत थर निघून जातो व तेथे रोग शिरतो. चार-पाच मासे झाले की पुन्हा वजन करावे व मासे लगेच पाण्यात सोडावेत. दोन वजनांतील फरकास माशांच्या संख्येने भागल्यास सरासरी मिळते. दोन-तीन दिवसांत मिळून पंधरा-वीस मासे तरी तोलले जावेत. जात निराळी, तेथे नोंदही निराळी ठेवावी.

या पद्धतीची एक मर्यादा विसरू नये. गळास प्रथम लागतो तो धीट व खादाड मासा, आणि तो बहुधा इतरांपेक्षा मोठा असतो. त्यामुळे येणारी सरासरी खऱ्या सरासरीपेक्षा थोडी अधिक असते. कटला तर या मोजणीत जवळजवळ येतच नाही. म्हणून खाद्य ठरविताना हात थोडा आखडता ठेवावा आणि वर्षातून एकदा तरी जाणत्या मच्छीमाराकडून पाग टाकवून पडताळा घ्यावा. प्रत्येक महिन्याची मोजणी मात्र एकाच रीतीने करावी. मागील महिन्याचे २५० ग्रॅम या महिन्यात ३२० झाले की २५५ वरच थांबले, हे त्यातून निश्चितपणे कळते. वाढ थांबली असल्यास खाद्य वाढविण्यापूर्वी पाणी, प्राणवायू व माशांची संख्या तपासावी.

मासा हातात आला असता त्याचे अंगही पाहून घ्यावे. खवल्यांवर चपट्या, गोल, चालत्या उवा आढळल्यास, लाल चट्टे किंवा जखमा असल्यास, अथवा कल्ले फिकट पडले असल्यास मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयाचा सल्ला विनाविलंब घ्यावा.

सावधगिरी

अस्तराच्या शेततळ्याचा उतार ओला असताना त्यावर पाय ठरत नाही. आत पडलेल्या माणसाला, त्याला पोहता येत असले तरी, वर चढता येत नाही. अशा तळ्यांत माणसे व मुले बुडून दगावल्याच्या घटना घडलेल्या आहेत. म्हणून गळ टाकणाऱ्याने नेहमी बांधाच्या सपाट माथ्यावर बसावे, अस्तरावर पाय ठेवू नये व काठी लांब घ्यावी. अडकलेला गळ सोडविण्यासाठी खाली उतरू नये. तंगूस कापून टाकावी. पाच रुपयांच्या गळासाठी जीव धोक्यात घालू नये. तळ्याच्या प्रत्येक बाजूस गाठी मारलेला दोर खुंट्याला बांधून पाण्यात सोडलेला असावा आणि हवा भरलेली एक जुनी ट्यूब बांधावर ठेवावी. मुलांना एकटे पाठवू नये. तुटलेली तंगूस व गळ तेथेच टाकल्यास पक्ष्यांच्या पायांत व जनावरांच्या तोंडात जातात. ते गोळा करून घरी आणावेत.

गावतलावाची गोष्ट वेगळी. तेथील मासेमारीचा हक्क बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्याने दिलेला असतो. तिच्या परवानगीवाचून तेथे गळ टाकू नये. पाण्यात विष कालवून किंवा स्फोटक उडवून मासे मारणे हा १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यानेच गुन्हा ठरविलेला आहे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

ही कृती सांगण्यापेक्षा दाखविल्याने अधिक पटते. कार्यकर्त्याने गावातील एका मत्स्यपालकाचे तळे निवडावे. त्याच्याच घरातील बाजरी, मका व पेंड घेऊन आदल्या दिवशी दाणे भिजत घालावेत. आमिष मळण्याचे काम घरातील स्त्रियांना दाखवावे. कोणते पीठ किती पाणी पिते हे त्यांना कोणाहूनही अधिक ठाऊक असते. जमलेल्या प्रत्येक शेतकऱ्याला प्रथम माशाच्या सरासरी वजनाचा अंदाज सांगण्यास लावून तो कागदावर लिहून घ्यावा. नंतर मासे तोलावेत. अंदाज व वजन यांतील अंतर लोकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, की खाद्याचा हिशोब निराळा समजावून सांगावा लागत नाही. शेवटी तो हिशोब तळ्याच्या मालकाकडूनच करवून घ्यावा व वहीत तारीख घालून लिहून ठेवण्यास सांगावे.

अर्धा किलो पिठाचे हे आमिष. त्याला विकत आणावे असे फारसे काही लागत नाही. परंतु त्याच्यामुळे जे ४५ किलो खाद्य वाचते, ते विकत आणलेले असते. आणि ज्या पहाटे तळ्यातील मासे उताणे दिसावयाचे, ती पहाट टळते. कणगीतील मूठभर दाणे पाखरांसाठी अंगणात टाकण्याची आपल्याकडे रीत आहेच. त्यातील एक मूठ महिन्यातून एकदा तळ्यासाठी राखून ठेवावी.